उभी माया, बाज आणि पाण्याचा टब

अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेणीत मायादेवीचं चित्र आहे. बुद्धाचा जन्म होतोय आणि माया झाडाची फांदी धरून उभी आहे. बाळ इंद्राच्या हातावर. ही लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, म्हणजे पाचव्या शतकातली मानतात; आणि त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशिम. चित्र धर्माचं आहे, दवाखान्याचं रजिस्टर नव्हे. तरी उभ्यानं कळा सोसणं त्या लोकांना नवलाचं वाटत नसावं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायाही सांगतात, दोरीला धरून, उकिडवं बसून लेकरं झाली.

पाठीवर आडवं निजून बाळंत होण्याची रीत पुढे युरोपातून पसरली. फ्रान्सच्या मोरिसो नावाच्या डॉक्टरांनी 1668 च्या पुस्तकात पलंगाचा आग्रह धरला. तपासणाऱ्याला सोपं जातं, हे त्यातलं खरं कारण, असं आम्हाला वाटतं.

पण म्हणून जुनं सगळं सोन्याचं नव्हतं. अंधारी खोली, सुईणीचे न धुतलेले हात, गंजलेलं पातं. यात किती बाया-लेकरं गेली. आनंदीबाई जोशींचं पहिलं बाळ दहा दिवसांत गेलं, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्या अमेरिकेत शिकल्या, 1886 साली डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी निबंध लिहिला तोही आपल्याकडच्या प्रसूतिशास्त्रावरच.

आता पाण्याचं. आमच्या गटातली एक सदस्य पाच महिन्यांची आहे. मोबाईलवर तिनं टबात बाळंत होणारी बाई पाहिली आणि बैठकीत विचारलं, "ताई, मले बी असं पाण्यात जमन का?" बाकीच्या हसल्या. तिचं वजन जास्त आहे, म्हणून हसल्या. आम्हाला ते आवडलं नाही. प्रश्न चांगला होता, म्हणून आम्ही माहिती काढली.

फ्रान्समध्ये 1803 साली दोन दिवस अडलेली एक बाई कोमट पाण्यात बसली आणि तिथेच मोकळी झाली, अशी नोंद आहे. पण ही रीत रुजली ती पिथिव्हिएच्या दवाखान्यात. तिथल्या मिशेल ओदाँ या डॉक्टरांनी 1983 साली पाण्यातल्या शंभर बाळंतपणांवर लेख लिहिला. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की कळांच्या पहिल्या टप्प्यात कोमट पाण्यात बसल्यानं कमरेतलं भुलीचं इंजेक्शन कमी लागतं. बाळ पाण्यातच बाहेर यावं का, यावर मात्र डॉक्टरांचं एकमत नाही.

वजनाचा आकडा, ज्याला बीएमआय म्हणतात, तोही जुनाच. बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञानं 1832 च्या सुमारास हे सूत्र मांडलं. तो डॉक्टर नव्हता. 1972 मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी त्याला आजचं नाव दिलं, आणि त्यांच्या त्या अभ्यासात सगळे पुरुष होते! तोच आकडा आज गरोदर बाईच्या कार्डावर लिहितात. हिशेब सोपा आहे. वजन किलोत, उंची मीटरमध्ये. वजनाला उंचीनं दोनदा भागायचं. आमच्या सदस्याची उंची दीड मीटर, सुरुवातीच्या तपासणीत वजन 72 किलो. दोनदा भागलं की 32. वजन सुरुवातीचंच धरायचं, सातव्या महिन्यातलं नाही. भारतीयांसाठी 25 च्या वर लठ्ठपणा धरतात.

आकड्यात खोट असली तरी धोका खोटा नाही. अशा बाईला गरोदरपणातली साखर, रक्तदाब, मोठं बाळ, खांदा अडकणं, नंतरचा रक्तस्राव यांची शक्यता वाढते. पोटावरून बाळाचे ठोके ऐकणं अवघड जातं, सलाईनची शीर सापडत नाही. आणि टबात चक्कर आली तर तिला बाहेर काढणार किती जणी? दुसरी बाजूही आहे: पाणी अंग तोलून धरतं, जड बाईला कूस बदलणं सोपं जातं. इंग्लंडच्या 2014 सालच्या सूचनांप्रमाणे 35 च्या वर बीएमआय असेल तर डॉक्टरांच्या विभागातच बाळंतपण करावं, 30 ते 35 मध्ये प्रत्येकीचा वेगळा विचार करावा. म्हणजे 32 वाल्या बाईला सरसकट 'नाही' तिथेही म्हणत नाहीत.

पण तिथे टबाशेजारी शिकलेली सुईण असते, पाण्यात चालणारं ठोक्यांचं यंत्र असतं. टबाला पाचशे लिटरच्या आसपास पाणी लागतं, तेही स्वच्छ आणि साडेसदतीस अंशांच्या वर न जाऊ देता. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात, घरी, मोबाईल बघून हे करणं म्हणजे जिवाशी खेळ. तसं करू नका, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

आमची सदस्य दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी तपासणीला जाते आहे. साखर आणि रक्तदाब वेळच्या वेळी बघतात. बाळंतपण जिल्ह्याच्या दवाखान्यात, हे ठरलं. टब तिथे मिळणार नाही. तिनं कागदावर तीन गोष्टी लिहून डॉक्टरांना दाखवल्या: कळांच्या वेळी चालू-फिरू द्यावं, कोमट पाण्यानं पाठ शेकू द्यावी, आणि सोबत घरची एक बाई असू द्यावी. सोबतीची मुभा केंद्र सरकारनं 2016 पासून दिलेली आहे. मागावी लागते एवढंच. पहिल्या दोन्हींना डॉक्टर म्हणाल्या, सगळं ठीक असेल तर हरकत नाही. सोबत कोण जाणार, यावर सासू आणि आई यांचं अजून चाललंय.