चार अश्वमेध

नागपूरच्या हुडकेश्वर रोडच्या गर्दीतून सतराशे वर्षं मागे या. ले-आउटचे फलक, रेतीचे ढीग, अर्धवट स्लॅब सगळं नाहीसं होतं. उरते काळी माती आणि पळसाचं रान. वाकाटक राजा पहिल्या प्रवरसेनाचा काळ आहे. तुम्ही त्याच्या अश्वमेधाचा घोडा आहात.

वर्षभरापूर्वी तुम्हाला पाण्यात उभं केलं, एका कुत्र्याला दांडक्याने मारलं आणि त्याचं कलेवर तुमच्या पायांखालून सोडलं. मग तुम्ही मोकळे. मोकळे म्हणजे 400 राखणदारांच्या पहाऱ्यात, घोडीजवळ फिरकायचीही बंदी.

आज राण्या तुमच्या अंगाला तूप चोळताहेत, आयाळीत सोन्याचे मणी ओवताहेत. मानेवरून हात फिरतो तसे तुमचे डोळे अर्धे मिटतात. समोर 21 यूप, म्हणजे बळी बांधायचे खांब, रोवलेले. तू मरत नाहीस, देवांकडे निघालायस, असं मंत्रातून तुम्हालाच समजावलं जातं. मग कापड अंथरतात, त्यावर आडवं पाडतात, श्वास कोंडतात. सुरी चालते ती नंतर. पशूचा जीव जाताना दिसू नये म्हणून ऋत्विजांनी तोंड फिरवून बसावं, असा शतपथ ब्राह्मणाचा दंडकच आहे. आपण काय करतोय हे त्यांना कळत होतं, याला आणखी पुरावा कशाला हवा?

आणि थांबणंही त्यांना येत होतं. यूपांच्या मधल्या जागेत बांधलेली रानातली जनावरं, त्यांच्याभोवती अग्नी फिरवून झाला की सोडून देतात. त्याच ग्रंथातल्या पुरुषमेधात माणसंही अशीच सुटतात. वैदिक कथेतल्या शुनःशेपाला तर बापाने बळीसाठी 100 गाईंना विकलं होतं. पण त्याला देवांची स्तुती करता आली, म्हणून त्याचे पाश गळले. तुमच्याकडे होती ती खिंकाळी. तीच घशात दाबली.

पुढे पाचव्या शतकात दुसऱ्या प्रवरसेनाने अचलपूरजवळचं चम्मक गाव 1000 ब्राह्मणांना दान दिलं. तिथली फुलं आणि दूधसुद्धा राजाच्या माणसांनी घेऊ नये, इतकी काळजी त्या दानाच्या ताम्रपटात घेतली आहे. पूर्वजाने चार अश्वमेध केले, हा अभिमानही त्यात कोरला आहे. घोड्यांविषयी एक अक्षर नाही.

आता याच विदर्भात अलीकडच्या काळापर्यंत पुढे या. डेबूजीच्या, म्हणजे पुढच्या गाडगेबाबांच्या घरी मुलीचं बारसं आहे. रीतीप्रमाणे बकरं कापायचं, दारू पाजायची. या वेळी ते बकरं तुम्ही आहात. डेबूजी भाऊबंदांच्या पंगतीत गोडाचं वाढतो. तुम्हाला कुणी हात लावत नाही.