अभ्यंगाचे तेल : वैद्याचे की धर्मशास्त्राचे?

नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान म्हणजे थंडीत कोरड्या पडणाऱ्या त्वचेसाठी आयुर्वेदाने घालून दिलेली रीत, असे दर दिवाळीत वाचायला मिळते. मूळ ग्रंथ समोर ठेवून पाहिले तेव्हा हा दावा मला तितका सरळ वाटला नाही.

अभ्यंग आयुर्वेदाचाच, यात वाद नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात त्याचे माहात्म्य आहे, आणि दाखले आहेत कारागिराच्या घरचे : घडा, कातडे आणि गाडीचा आस तेलाने टिकतो, तसे शरीर. उपपत्तीही स्वच्छ आहे. रूक्षता हा वायूचा गुण. स्पर्शात वायूचे प्राधान्य आणि स्पर्शाचा आश्रय त्वचा. म्हणून कोरडी त्वचा ही वैद्याच्या लेखी नुसती कातडीची तक्रार नव्हे. वाढलेल्या वायूवर तो विरुद्ध गुणाचे, स्निग्ध आणि उष्ण द्रव्य देतो. त्यात तिळाचे तेल श्रेष्ठ. (आपण ‘संतुलन’ म्हणतो, ग्रंथ ‘साम्य’ म्हणतात.)

वाग्भट तर अष्टांगहृदयात रोज अभ्यंग सांगतो. डोके, कान आणि पाय यांना विशेष. कफाचा विकार असलेल्याने, शोधन झालेल्याने आणि अजीर्ण असलेल्याने मात्र करू नये. फराळाच्या दिवसांत हे शेवटचे पथ्य कोणी मोठ्याने वाचत नाही!

अडचण पुढे आहे. वाग्भटाच्या ऋतुगणनेत आश्विन-कार्तिक हा शरद; हेमंत मार्गशीर्षापासून. तेल, मर्दन, कुस्ती, मग तुरट द्रव्यांनी तेल काढून स्नान, हा आपल्याला ओळखीचा वाटणारा क्रम तो हेमंतात सांगतो. शरद पित्ताचा. तेथे चरक आणि वाग्भट दोघेही वर्ज्य गोष्टींत तेल घालतात. त्या यादीत दही आहे तशी दिवसाची झोपही आहे, त्यामुळे तेल खाण्याचे की लावण्याचे, हा प्रश्न उरतो. मला खाण्याचेच संभवते, कारण रोजचा अभ्यंग कोठे मागे घेतलेला नाही. पण शरदासाठी खास अभ्यंगाची आज्ञाही नाही.

चतुर्दशीची सक्ती येते धर्मशास्त्रातून. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये काशीत सिद्ध केलेल्या ‘निर्णयसिंधू’त या स्नानाची चर्चा आहे. तिचा रोख तिथी, चंद्रोदय आणि नरकाचे भय यांवर आहे. वायू-पित्ताशी तिला कर्तव्य नाही.

उटण्याचेही तेच. वाग्भटाच्या मते उद्वर्तन कफ हरते, मेद विरघळवते. म्हणजे पाकिटातले उटणे तेलाविना कोरड्या अंगावर चोळणे हा रूक्षतेवर रूक्षतेचाच उपाय झाला. आधी तेल जिरवणाऱ्या जुन्या घरांना हा क्रम ठाऊक होता. जाहिरातींत तो गळला.

हे दोन प्रवाह एकत्र कधी आले, याचा शोध घ्यायचा तर देवगिरीकडे पाहावे लागेल. यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात व्रते आणि दाने यांचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ रचला, आणि अष्टांगहृदयावरची ‘आयुर्वेदरसायन’ टीकाही त्याचीच.