कर्णोपकर्णी : पॉडकास्टच्या शिफारशीचा इतिहास

छापील ग्रंथ हाती घेतला म्हणजे तो वाचावा की न वाचावा ह्याचा निर्णय वाचक दहा मिनिटांत करू शकतो. अनुक्रमणिका पाहावी, मधलेच एखादे पान उघडावे, शेवटची सूची चाळावी, की ग्रंथाची जात कळून येते. उच्चारलेल्या शब्दाच्या ठिकाणी ही सोय नाही. तासाभराचे भाषण कसे आहे हे समजण्यास तासभरच खर्ची घालावा लागतो. डोळा पाने चाळू शकतो, कानाला ते जमत नाही. ध्वनिरूप वाङ्मयाच्या प्रसाराचा विचार करताना ही साधी गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढील बहुतेक घडामोडींचे मूळ तीत आहे.

नभोवाणीने हा प्रश्न वेळापत्रकाने सोडविला होता. निवड केंद्राने करावयाची आणि श्रोत्याने ठरल्या वेळी यंत्र सुरू करावयाचे, अशी ती विभागणी होती. पॉडकास्टला केंद्र नाही आणि ठरलेली वेळही नाही. कोणीही आपले बोलणे ध्वनिमुद्रित करून महाजालावर ठेवावे व कोणीही ते सवडीने उतरवून घ्यावे, असा हा प्रकार आहे. मग असंख्य कार्यक्रमांतून नेमका कोणता ऐकावा हे श्रोत्यास कळते कसे? पॉडकास्टचा इतिहास सामान्यतः यंत्रांचा व कंपन्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो एका श्रोत्याने दुसऱ्यास केलेल्या शिफारशीचा इतिहास म्हणूनही सांगता येतो, आणि तसा सांगितला असता त्यातील काही गोष्टींचा उलगडा अधिक नीट होतो.

श्रोत्याच्या आवडीला नभोवाणीच्या काळात स्थान नव्हते असे मात्र नाही. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाल्यानंतर ऑल इंडिया रेडिओवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानी ह्यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढे तीत गीतांची क्रमवारी लावण्यात येऊ लागली, तेव्हा ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीबरोबर ठिकठिकाणच्या श्रोतासंघांचा कौलही विचारात घेतला जाई. १९५७ मध्ये विविध भारती निघाली आणि पत्राने गाणे मागविण्याची प्रथा घरोघर रुजली. मुंबई केंद्राच्या ‘आपली आवड’ ह्या कार्यक्रमाचे नाव भाषादृष्ट्या विशेष अर्थपूर्ण आहे. मराठीत ‘आपली’ म्हणजे आदरार्थी ‘तुमची’, तसेच बोलणारा व ऐकणारा ह्या दोघांची मिळून. पत्रलेखकाची आवड केंद्राकडे जाई आणि तेथून सर्वांची आवड होऊन परत येई.

ह्या व्यवहारास ‘फर्माईश’ म्हणत. हा शब्द आज्ञा करणे ह्या अर्थाच्या फार्सी धातूवरून आला आहे. ‘शिफारस’ हा शब्दही फार्सीच, परंतु त्याचे मूळ सोपविणे, हवाली करणे ह्या अर्थाच्या धातूत आहे. मराठीतील ‘सुपूर्द’ त्याच घराण्यातला. फर्माईश वर, सत्ता असलेल्याकडे जाते, तर शिफारस बरोबरीच्या माणसाकडे, आणि तीत स्वतःची काही वस्तू त्याच्या हाती ठेवल्याचा भाव असतो. नभोवाणीचा श्रोता फर्माईश करी. पॉडकास्टच्या श्रोत्यास फर्माईश करण्यासाठी केंद्रच उरले नाही, तेव्हा त्याच्यापाशी शिफारस तेवढी राहिली.

पॉडकास्टची तांत्रिक पूर्वपीठिका थोडक्यात सांगता येते. डेव्ह वाइनर ह्यांनी डिसेंबर २००० मध्ये ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’ ह्या मजकूर-वितरणाच्या पद्धतीत ध्वनिसंचिका जोडण्याची तरतूद केली. २००३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन केंद्रातून ख्रिस्तोफर लायडन ह्यांच्या मुलाखती त्या मार्गाने श्रोत्यांकडे जाऊ लागल्या. फेब्रुवारी २००४ मध्ये ‘गार्डियन’ पत्रात बेन हॅमरस्ली ह्यांनी ह्या नव्या प्रकारास दोनतीन नावे सुचविली, त्यांपैकी ‘पॉडकास्टिंग’ हे टिकले. ‘आयपॉड’ व ‘ब्रॉडकास्ट’ ह्यांचा तो जोड आहे. आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये बंद झाले, तरी नाव राहिले. शब्दाचा उत्तरार्ध मात्र फसवा आहे. ‘ब्रॉडकास्ट’चा जुना अर्थ शेतातला, म्हणजे बी हाताने फोकून पेरणे. पॉडकास्टचा प्रसार ज्या रीतीने झाला ती फोकण्याची नसून टोकणण्याची आहे. एकेक दाणा, एकेका जागी, हाताने.

प्रारंभीचा पुरावा ह्यास पुष्टी देतो. ऑगस्ट २००४ मध्ये अ‍ॅडम करी ह्यांनी ‘डेली सोर्स कोड’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यातील मोठा भाग इतरांचे नवे कार्यक्रम श्रोत्यांना ऐकविण्यात व त्यांची ओळख करून देण्यात जाई. प्रतिस्पर्ध्याची अशी भलावण कोणत्याही नभोवाणी केंद्राने केली नसती. परंतु येथे जागेची टंचाई नव्हती, टंचाई होती ती ऐकणाऱ्यांची. ‘पॉडकास्ट अ‍ॅली’ ह्या नामावलीत श्रोते दरमहा आपल्या आवडत्या कार्यक्रमास मत देत, आणि कार्यक्रमकर्ते शेवटी मतांची याचना करीत. येथेच शिफारशीचे मतात रूपांतर होण्यास आरंभ झाला. हा फरक किरकोळ नाही. मत मोजले जाते आणि कोणी दिले हे विसरले जाते. शिफारशीत मात्र कोणी केली हाच मुख्य भाग असतो.

२८ जून २००५ रोजी अ‍ॅपल कंपनीने आपल्या ‘आयट्यून्स’ ह्या प्रणालीत तीन हजारांहून अधिक पॉडकास्ट समाविष्ट केले. पहिल्या दोन दिवसांत दहा लाख वर्गण्या नोंदल्या गेल्या. त्याच वर्षाअखेर ‘न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी’ने ‘पॉडकास्ट’ हा वर्षाचा शब्द ठरविला. आता एका ठिकाणी सर्वांची यादी मिळू लागली, तिला लोकप्रियतेची क्रमवारी आली, आणि ‘आम्हांस तारांकन द्या, अभिप्राय लिहा, म्हणजे इतरांना आमचा शोध लागेल’ हे वाक्य भरतवाक्यासारखे प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी येऊ लागले. ह्या वाक्याची गंमत अशी की, अ‍ॅपलनेच पुढे जाहीर केल्याप्रमाणे क्रमवारी ठरविताना ऐकणे, अनुसरणे व कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकणे ह्या गोष्टी विचारात घेतल्या जातात, अभिप्राय व तारांकने घेतली जात नाहीत. तरीही ती विनंती थांबलेली नाही. तिला निव्वळ अज्ञान म्हणणे योग्य होणार नाही. श्रोत्याने काहीतरी बोलावे, नुसते ऐकून गप्प बसू नये, ही मूळची गरज त्या वाक्यात चुकीच्या पत्त्यावर का होईना व्यक्त होते.

क्रमवारीत जे वर असते ते अधिक दिसते आणि जे अधिक दिसते ते वर राहते. २००५ नंतरच्या दशकात पॉडकास्टचे श्रोते वाढले, पण संथपणे. ती कोंडी फुटली ३ ऑक्टोबर २०१४ रोजी, ‘सीरियल’ ह्या मालिकेने. सारा केनिग ह्यांनी १९९९ मधील बाल्टिमोर येथील एका खुनाच्या खटल्याचा नव्याने शोध घेत ती आठवड्यास एक भाग अशी सादर केली. तिचा पहिला भाग ‘धिस अमेरिकन लाइफ’ ह्या प्रस्थापित नभोवाणी कार्यक्रमातून ऐकविण्यात आला. परिचित आवाजाने अपरिचितास पुढे आणले, ही पहिली शिफारस. दुसरी श्रोत्यांची. खटल्याचा निकाल बरोबर होता की नाही ह्याविषयी प्रत्येकास मत होते, आणि वाद घालावयाचा तर समोरच्याने मालिका ऐकलेली असणे अवश्य होते. म्हणून ज्याने ऐकली तो दुसऱ्यास ऐकावयास लावू लागला. येथे शिफारस हा परोपकार नव्हता. बोलण्यास सोबती मिळविण्याचा तो मार्ग होता. कीर्तन ऐकून घरी परतणारी मंडळी वाटेत आख्यानाची चर्चा करतात, त्यातलाच हा भाग. फरक इतकाच की येथे श्रोते आधी एकत्र बसलेले नव्हते, चर्चेच्या ओढीने ते एकत्र आले. २०१५ मध्ये ‘सीरियल’ला पीबडी पारितोषिक मिळाले, आणि पॉडकास्टला मिळालेले ते पहिलेच होय.

त्याच काळातील एक लहान चलच्चित्र इतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये. ‘धिस अमेरिकन लाइफ’चे आयरा ग्लास त्यात एका वृद्ध स्नेही बाईंबरोबर बसून पॉडकास्ट कसा ऐकावा हे समजावून देतात. शिफारशीबरोबर शिकवणीही लागत होती, ह्याचे हे बोलके साधन. घरातील मुलाने वडिलांच्या फोनवर चिन्ह कोठे आहे ते दाखवावे, पहिला भाग स्वतःच लावून द्यावा, आणि मग वडिलांनी त्याच्याही पुढे जाऊन दहा कार्यक्रम शोधावेत, हा क्रम अनेक घरांतून घडला आहे.

उद्योगाने ही गोष्ट ओळखली. अमेरिकेच्या नॅशनल पब्लिक रेडिओ ह्या संस्थेने २०१५ मध्ये श्रोत्यांकडून शिफारशी मागवून ‘इयरबड’ नावाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. मार्च २०१७ मध्ये तिच्यासह तीसहून अधिक संस्थांनी ‘ट्रायपॉड’ मोहीम काढली. आपल्या ओळखीच्या एका तरी माणसास आवडता पॉडकास्ट सुचवा, आणि अवश्य तर कसा ऐकावा तेही दाखवा, एवढेच तीत श्रोत्यांस सांगणे होते. बारा वर्षे क्रमवारी हाताशी असताना निर्मात्यांना पुन्हा श्रोत्याच्या तोंडाकडे वळावे लागले, ही त्या क्रमवारीच्या मर्यादेची कबुलीच म्हणावी लागेल.

त्यानंतरच्या काळात निवडीचे काम यंत्राकडे अधिकाधिक गेले. श्रोत्याने आधी काय ऐकले ते पाहून यंत्र पुढचे सुचविते. ह्या सूचनेत अचूकपणा असू शकतो, पण सुचविणाऱ्याची पत पणास लागलेली नसते. मित्राने सुचविलेला कार्यक्रम कंटाळवाणा निघाला तर त्याला जाब विचारता येतो. शब्दांतही पालट झाला. २०२१ मध्ये अ‍ॅपलने ‘वर्गणीदार व्हा’ ह्या अर्थाचा शब्द काढून ‘अनुसरा’ ह्या अर्थाचा ठेवला, कारण पैसे देऊन घ्यावयाच्या वर्गण्या तेव्हाच सुरू होत होत्या. २०२३ मध्ये ‘स्टिचर’ व २०२४ मध्ये ‘गुगल पॉडकास्ट्स’ ह्या सेवा बंद झाल्या. दुकाने गेली, पण पॉडकास्ट कोठेही ऐका असे सांगण्याची निवेदकांची रीत कायम राहिली, आणि ती ह्या माध्यमाच्या मूळ स्वभावास धरून आहे.

मराठी श्रोत्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक निकडीचा होतो. अ‍ॅपलची क्रमवारी देशवार असते, भाषावार नसते. भारताच्या यादीत हिंदी, इंग्रजी, तमिळ व मराठी एकाच रांगेत उभ्या राहतात. लंडन वा न्यू जर्सी येथील मराठी माणूस तर त्या त्या देशाच्या यादीत मोजला जातो आणि तेथे त्याची भाषा दिसणेही कठीण. बी.बी.सी. मराठीच्या ‘गोष्ट दुनियेची’सारखा कार्यक्रम पाठीशी मोठी संस्था असल्याने उभा राहू शकतो. एकट्यादुकट्याने घरातून चालविलेल्या कार्यक्रमास नातेवाइकांच्या व मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांखेरीज दुसरा रस्ता नाही. तेथे शिफारस बहुधा ‘ऐकून बघ’ ह्या दोन शब्दांत होते. ‘बघ’ येथे डोळ्यांचे क्रियापद राहत नाही, प्रयोग करण्याचे सहायक होते. कधी त्यास पुस्ती जोडलेली असते : ‘पहिली पाच मिनिटे सोडून दे’, ‘आईलाही ऐकव’. चाळता न येणाऱ्या वस्तूची अनुक्रमणिका ह्या पुस्त्यांतच तयार होत असते.

इतिहासकाराची अडचण येथेच आहे. दोन दिवसांतील दहा लाख वर्गण्यांचा आकडा कंपनीच्या पत्रकात सुरक्षित आहे. रेडिओ सिलोनला गेलेल्या पत्रांची आठवण निदान निवेदकांनी वाचलेल्या नावांतून उरली. ‘आईलाही ऐकव’ हे वाक्य फोन बदलला की नाहीसे होते. गेल्या दहा वर्षांतील अशा मराठी शिफारशी, त्या करणाऱ्यांच्या संमतीने व नावे वगळून, जमविण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. कोणी कोणास काय सुचविले, कोणत्या शब्दांत सुचविले, आणि ज्यास सुचविले त्याने ते ऐकले काय, एवढ्या तीन नोंदी प्रत्येक शिफारशीमागे घेतल्या तरी आरंभास पुरेशा होतील.