मानेचं दुखणं, सुई आणि करंट: गुण कशानं आला?



गेल्या मिरचीच्या हंगामात आमच्या बचत गटाच्या बैठकीत कर्जासाठी एक अर्ज आला. अर्ज करणारी आमच्यातलीच. वीस वर्षं डोक्यावर मोळी आणि हंडा वाहिलेली, दर हंगामात पथारीवर मान खाली घालून मिरचीचे देठ खुडणारी. दोन वर्षांपासून तिची मान धरलेली. शहरात एक जण मानेत सुया टोचतो, सुयांना वायर लावून बारीक करंट देतो, दहा बैठकांचे तीन हजार रुपये घेतो, असं तिनं ऐकलं होतं. तेवढं कर्ज गटानं द्यावं, एवढंच तिचं म्हणणं.

बैठकीत दोन तट पडले. एक म्हणाली, "माझ्या नणंदेला गुण आला, द्या तिला." दुसरी म्हणाली, "हे सगळं पैसे काढायचं काम." दोघींचंही ऐकून घेतलं आणि आम्ही अडकलो. नणंदेला गुण आला हे खरंच असेल. पण कशानं आला? सुईनं? करंटनं? की दहा वेळा शहरात गेली, तेवढे दिवस डोक्यावर मोळी नव्हती म्हणून? शिवाय दुखणं अगदी असह्य झालं की मगच आपण दवाखान्याची वाट धरतो. कळसाला गेलेलं दुखणं पुढं आपोआपही थोडं उतरतं. मग श्रेय कुणाला द्यायचं?

आम्ही माहिती काढायला लागलो, तेव्हा कळलं की हाच प्रश्न जगाला दोनशे वर्षांहून जास्त काळ पडलेला आहे. आज तीच गोष्ट तुम्हाला सांगतो.

दुखण्यावर विजेचा झटका ही कल्पना फार जुनी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये स्क्रिबोनियस लार्गस नावाचा वैद्य होता. समुद्रात एक मासा असतो, त्याला हात लावला की झटका बसतो. डोकेदुखीवर आणि पायाच्या सांधेदुखीवर हा वैद्य तो जिवंत मासाच लावायला सांगायचा. वीज म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. झटका बसला, अंग बधिर झालं, बरं वाटलं, एवढंच.

पुढं १७९६ साली अमेरिकेत एलिशा पर्किन्स नावाच्या डॉक्टरनं धातूच्या दोन टोकदार कांड्या विकायला काढल्या. दुखऱ्या जागेवरून त्या ओढल्या की शरीरातली वाईट वीज बाहेर निघते, असा त्याचा दावा. कांड्या महाग होत्या, तरी खपल्या. लोकांना गुणही येत होता. तेव्हा इंग्लंडमधल्या बाथ शहरात जॉन हेगार्थ या डॉक्टरनं १७९९ साली एक युक्ती केली. त्यानं तशाच कांड्या लाकडाच्या बनवल्या आणि धातूच्या दिसाव्यात म्हणून रंगवल्या. संधिवाताचे पाच जुने रुग्ण घेतले आणि काही न सांगता लाकडी कांड्या ओढल्या. पाचपैकी चार जण म्हणाले, "बरं वाटतंय." दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्या ओढल्या, तेव्हाही तसंच झालं.

आता नीट ऐका. ते चौघं खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. फक्त ते कांडीतल्या विजेनं वाटलं नव्हतं. कुणीतरी आपल्याकडं लक्ष दिलं, हात लावला, धीर दिला, यानंही दुखणं हलकं होतं. आपल्यालाही याचा अनुभव आहे. म्हणून हेगार्थचा धडा असा की "गुण आला का?" एवढंच विचारून भागत नाही. "कशाशी तुलना करून गुण आला?" हेही विचारावं लागतं.

सुईची विद्या मूळची चीनची. तिला अ‍ॅक्युपंक्चर म्हणतात. सुईला वीज जोडायचा प्रयोग मात्र फ्रान्समध्ये झाला. १८२५ साली सार्लांदिएर या डॉक्टरनं सुया टोचून त्यांतून वीज सोडण्यावर पुस्तकच लिहिलं. पण ती पद्धत तेव्हा फारशी टिकली नाही. विसाव्या शतकात चीनमध्येच तिला पुन्हा बळ आलं.

आपल्या देशात ही सुई आली, त्या वाटेवर आपली मराठी माणसंही आहेत. जपाननं चीनवर हल्ला केला होता, तेव्हा १९३८ साली काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीस तिथं जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच वारले. पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू मात्र परतले. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि कलकत्त्यात त्यांनी उपचार सुरू केले. पुढं कोटणीसांच्या नावानं निघालेल्या समित्यांनीही असे दवाखाने चालवले.

अमेरिकेत सुईचा गाजावाजा १९७१ साली झाला. जेम्स रेस्टन नावाचा मोठा पत्रकार चीनमध्ये असताना त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. नंतर पोट फुगून दुखायला लागलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सुया टोचल्या आणि त्याला आराम पडला. त्यानं ते वर्तमानपत्रात लिहिलं आणि लोक सुईच्या मागं लागले.

मग शास्त्रज्ञ कामाला लागले. चीनमधले संशोधक हान जी-शेंग यांनी सशांवर प्रयोग केले. सुई टोचलेल्या सशाच्या मेंदूभोवतीचं पाणी काढून दुसऱ्या सशाला दिलं, तर त्या दुसऱ्या सशालाही दुखणं कमी जाणवलं. म्हणजे सुईनं शरीरात काहीतरी तयार होत होतं. आपलं शरीर स्वतःच दुखणं कमी करणारे रस बनवतं. करंट हळू दिला की एक प्रकारचा रस जास्त सुटतो आणि जलद दिला की दुसऱ्या प्रकारचा, हेही हान यांच्या प्रयोगांतून दिसलं. सशाला तर डॉक्टरवर विश्वास ठेवता येत नाही. म्हणजे सगळाच मनाचा खेळ आहे असं म्हणता येईना.

पण सशाच्या अंगात रस सुटला म्हणून बाईची दोन वर्षांची मानदुखी जाईलच, असं नाही. त्यासाठी माणसांवर चाचणी हवी. आणि तिथं मोठी अडचण होती. गोळीची चाचणी सोपी असते. तशीच दिसणारी साखरेची गोळी देता येते. खोटी सुई कशी टोचणार? टोचलेली तर कळतेच!

यावर तोडगा निघाला १९९८ साली. आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला, तेच वर्ष. जर्मनीत श्ट्राइटबेर्गर या डॉक्टरनं एक सुई बनवली. आपल्याकडं सोंगाड्या पार्टीत खोटा सुरा असतो ना, पोटाला लावला की पातं मुठीत सरकतं, तशीच ही सुई. टोक बोथट. कातडीला लागते, टोचल्यासारखी वाटते, पण आत जात नाही. आता काहींना खरी आणि काहींना खोटी सुई देऊन तुलना करता येऊ लागली. कुणाला कोणती मिळणार हे डॉक्टरनं ठरवायचं नाही, चिठ्ठी टाकून ठरायचं. नाहीतर डॉक्टर बरे होण्याजोगे रुग्णच आपल्या बाजूला ओढणार.

आता आपल्या मानेकडं येऊ. जुन्या मानदुखीवर ज्या चाचण्या झाल्या, त्यांतल्या तीन सांगतो.

पहिली विएन्ना शहरातली, २००३ सालची. मानदुखीचे २१ रुग्ण. सगळ्यांच्या कानात सुया बसवल्या, पण करंट अर्ध्याच जणांच्या सुयांना दिला. करंटवाल्यांना जास्त आराम पडला. चांगली गोष्ट. पण २१ माणसं म्हणजे आपल्या एका गटाएवढी. तेवढ्यावरून जगाला सांगता येत नाही.

दुसरी इंग्लंडमधली, २००४ सालची. १३५ रुग्ण. अर्ध्यांना खऱ्या सुया. उरलेल्यांच्या मानेला करंटच्या यंत्राच्या वायरी चिकटवल्या, पण यंत्रातून करंट येतच नव्हता. रुग्णांना ते माहीत नव्हतं. दोन्ही बाजूंचं दुखणं चांगलं कमी झालं! सुईवाल्यांचं थोडं जास्त कमी झालं, पण तो फरक रोजच्या जगण्यात जाणवेल एवढा मोठा नव्हता. हेगार्थच्या लाकडी कांड्या आठवल्या ना? दोनशे वर्षांनी पुन्हा तोच धडा.

तिसरीही इंग्लंडमधलीच, २०१५ सालची, ५१७ रुग्णांची. एका भागाला नेहमीचे उपचार आणि सुया. दुसऱ्या भागाला नेहमीचे उपचार आणि मान-पाठ कशी ठेवायची, कसं बसायचं, कसं उठायचं याचं शिक्षण. तिसऱ्याला नुसते नेहमीचे उपचार. वर्षानंतर पाहिलं, तर सुईवाले आणि शिकलेले, दोघंही नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा बरे होते. आणि दोघांचा फायदा जवळपास सारखा.

२०१८ साली पाठ, मान, गुडघा आणि डोकेदुखी यांवरच्या ३९ चाचण्यांचा हिशोब एकत्र मांडला गेला. त्यात २० हजार ८२७ रुग्ण होते. काहीच न करण्यापेक्षा सुई बरी, हे दिसलं. खोट्या सुईपेक्षाही खरी सुई बरी, पण तिथं फरक लहान.

म्हणजे बैठकीतल्या दोघी थोड्या-थोड्या बरोबर होत्या. सुई ही निव्वळ लूट नाही आणि ती जादूही नाही. आरामाचा काही भाग सुईचा, बराचसा भाग कुणीतरी जवळ बसून विचारपूस करण्याचा आणि विसाव्याचा. करंटनं त्यात किती भर पडते, हे सांगायला मानेसाठी २१ रुग्णांची चाचणी पुरत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकली. आम्ही वाचलेल्या या चाचण्या शहरातल्या आणि परदेशातल्या. चुंबळ ठेवून हंडा वाहणारी, सातपुड्याचा चढ मोळी घेऊन उतरणारी मान त्यांत कुठं होती? उपचार घेऊन ती मान दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ओझ्याखाली जाणार असेल, तर आराम किती टिकेल? हे कुणीतरी आपल्या भागात येऊन तपासायला हवं.

आमच्या गटानं काय केलं ते सांगतो. आधी तिला सरकारी दवाखान्यात तपासून घेतलं. हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा, ताप, पडल्याचा मार, लघवीवर ताबा नसणं, यांतलं काही असेल तर सुई नाही, आधी डॉक्टर. तिला तसं काही नव्हतं. मग दहा नव्हे, पाच बैठकांपुरतं कर्ज दिलं. अटी तीन. टोचणाऱ्याची नोंदणी पाहायची, कारण महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ सालचा स्वतंत्र कायदा आहे. सुया नव्या, आपल्यासमोर पाकीट फोडलेल्या हव्यात, कारण वापरलेल्या सुईतून कावीळ आणि एचआयव्ही पसरू शकतो. आणि गरोदर बाईनं किंवा छातीत पेसमेकर असलेल्यानं करंट घ्यायचा नाही, हे सगळ्यांनी लक्षात ठेवायचं.

चौथी गोष्ट आम्ही आमच्यावरच घातली. त्या पाच आठवड्यांत तिची मोळी आणि पाणी आम्ही वाटून घेतलं. पथारीवर दर तासाला सगळ्यांनी उठायचं, मान-खांदे मोकळे करायचे, असं ठरवलं.

तिची मान आता पहिल्यापेक्षा हलकी आहे. सुईनं की करंटनं की मोळी उतरल्यानं, ते एका मानेवरून ठरत नाही, हे आता आम्हाला कळतं. पण तिघांपैकी एक गोष्ट फुकट होती आणि आमच्या हातात होती. ती आम्ही अजून चालू ठेवली आहे.

तुमच्या गटात असा अर्ज आला, तर हो किंवा नाही म्हणण्याआधी एवढं विचारा: गुण आला, पण कशाच्या तुलनेत? आणि तिचं ओझं कोण उतरवणार?