मोह, मद्य आणि मागे येणारा कुत्रा

भंडारा हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा जिल्हा. द्राक्षमळा इथे नाही. तरीही गेल्या काही वर्षांत आमच्याकडची नोकरदार तरुण मंडळी सुट्टीत नाशिककडे जाऊ लागली आहेत. समृद्धी महामार्गाने प्रवास सोपा केला, आणि 'वायनरी पाहणे' हा सहलीचा एक भाग झाला. त्यात आता घरचा कुत्राही सोबत असतो. कोणत्या मुक्कामात त्याला घेतात, कोणत्या मळ्यात दोरी बांधून फिरवू देतात, याची चौकशी निघण्याआधीच होते. घरातली जुनी माणसे यावर नाक मुरडतात. दारूच्या कारखान्यात सहल, आणि तीही कुत्र्याला घेऊन! जग उलटे फिरले, असे त्यांना वाटते.

स्थानिक इतिहासाचे कागद चाळण्यात आयुष्याची काही वर्षे घालवलेल्या मला मात्र यात उलटे काही दिसत नाही. मद्याच्या उगमापाशी सगळ्या कुटुंबाने घरच्या कुत्र्यासह जाण्याची रीत आमच्या जिल्ह्यात फार जुनी आहे. तिला कोणी सहल म्हणत नाही, इतकेच. तिला 'मोह वेचायला जाणे' म्हणतात. नाशिकच्या मळ्यात शिरणारे कुटुंब पाहुणे ठरले आणि मोहाखालचे कुटुंब संशयित ठरले. हे का आणि कसे घडले, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

जुनी जोडी

माणूस कुत्र्याला घेऊन हिंडतो, याचा महाराष्ट्रातला एक अतिशय देखणा पुरावा दायमाबादला मिळाला. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी असलेल्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत 1974 साली एका भिल्ल शेतकऱ्याला चार ब्राँझ मूर्ती सापडल्या. त्यांतला रथ बैलजोडीचा आहे. रथावर सारथी उभा आहे, आणि रथाच्या दांडीवर चक्क एक कुत्रा उभा आहे. या मूर्तींच्या नेमक्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण कुत्र्याला गाडीवर घेऊन निघण्याची हौस आजची नाही, एवढे तो रथ ठामपणे सांगतो.

कुत्रा आणि मद्य एकत्र पाहायचे असतील तर भैरवाकडे जावे. कुत्रा हे त्याचे वाहन, आणि उज्जैनच्या काळभैरवाला आजही मद्याचा नैवेद्य दाखवतात. आपल्याकडे खंडोबाच्या सोबतही कुत्रा आहे, दत्ताच्या पायाशी तर चार आहेत. शास्त्राने ज्याला अपवित्र मानले, त्याला लोकदैवतांनी जवळ केले.

ग्रीकांच्या कथेत ही जोडी आणखी ठळक आहे. डायोनिसस देवाने इकारियस नावाच्या माणसाला द्राक्षमद्य करण्याची विद्या दिली. त्याने ते मेंढपाळांना पाजले. कधी न अनुभवलेली नशा चढताच आपल्याला विष घातले असे समजून त्यांनी त्याला ठार मारले. त्याची मुलगी एरिगोनी बापाला शोधत फिरली, आणि मायरा नावाच्या कुत्रीने तिला प्रेतापर्यंत नेले. पुढे ही कुत्री आकाशात गेली. आपण जिला प्रश्वा म्हणतो त्या तारकेशी तिचे नाते जोडले जाते. पहिल्या मद्यकाराच्या मृत्यूची साक्षीदार म्हणून कथेत कुत्री उरते, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. मद्याभोवती आनंद आणि अनर्थ दोन्ही असतात, आणि कुत्रा दोन्ही वेळी घरच्या माणसाजवळच असतो.

मोहाखाली

आता आमच्या रानात येऊ. फाल्गुन सरता सरता मोहाची पाने झडतात आणि फुलांचे घोस लागतात. मांसल, फिकट पिवळसर, साखरेने भरलेली ही फुले पहाटे टपटप गळतात. उन्हाने आणि जनावरांनी नासण्याआधी ती वेचावी लागतात. म्हणून साकोली, लाखनी, तुमसर, पवनी या भागांतली माणसे, विशेषतः बायका आणि मुले, अंधार असतानाच टोपल्या घेऊन निघतात. कोणते झाड कोणत्या घराचे, हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. फुले वेचायची, अंगणात वाळवायची, काही खाण्यासाठी ठेवायची, काही व्यापाऱ्याला द्यायची, काहींची दारू गाळायची. पुढे त्याच झाडाच्या बियांचे तेल निघते. हंगाम संपेतो या झाडाभोवती घराचे अर्थकारण फिरते.

या पहाटेच्या वाटेवर कुत्रा मागोमाग येतो. त्याला कोणी बोलावत नाही आणि हाकलतही नाही. त्याच्या येण्याला कारण आहे. मोहाचे फूल अस्वलालाही तितकेच प्रिय. पहाटेच्या अंधारात, वाकून फुले वेचणाऱ्या बाईच्या पाचदहा हातांवर अस्वल असू शकते; अलीकडे वाघही. मोह वेचताना जखमी झालेल्या आणि जीव गमावलेल्या माणसांच्या बातम्या पूर्व विदर्भातल्या वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात येतात. कुत्र्याला वास आधी येतो, तो आधी भुंकतो. वेचणाऱ्या अनेक बायकांनी मला हेच सांगितले, की कुत्रा गप्प असला तर हात भरभर चालतात, आणि तो गुरगुरला की सगळ्या कंबर सरळ करून एकमेकींना हाका मारतात. त्या कुत्र्याला जात नाही, वंशावळ नाही, गळ्यात पट्टा नाही. पण ज्याला आज 'कुत्र्यासह बाहेर पडणे' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ इथे शाबूत आहे: एकमेकांच्या भरवशावर घर सोडणे.

गोंड समाजात मोहाचे मद्य केवळ पिण्याची वस्तू नाही. जन्म, लग्न, मृत्यू, देवपूजा या प्रत्येक प्रसंगी त्याचा मान आहे. पेनांना, म्हणजे देवांना, त्याची धार वाहिल्याशिवाय विधी पुरा होत नाही.

मोहाच्या मद्याला संस्कृत परंपराही परकी नाही. चरकसंहितेत औषध म्हणून मधूकासव आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात द्राक्षाच्या मद्याला 'मधु' म्हटले असून त्याचे प्रकार परमुलखांच्या नावाने ओळखले आहेत. म्हणजे द्राक्षमद्याची दूरदेशीची प्रतिष्ठा तेव्हाही होती. त्याच प्रकरणात उत्सव, मेळे आणि यात्रा यांच्या वेळी चार दिवस लोकांना मद्य गाळण्याची मुभा देण्याची सूचना आहे. कर गोळा करणाऱ्या कठोर राज्यानेही घरगुती भट्टीला एक खिडकी उघडी ठेवली होती.

भट्टी आणि सरकार

मोहाची भट्टी म्हणजे फार मोठी यंत्रणा नव्हे. वाळलेली फुले पाण्यात काही दिवस भिजवून आंबवायची. या आंबवणीला आमच्याकडे 'सडवा' म्हणतात. मग चुलीवर मडके, त्यावर दुसरे भांडे, वर गार पाणी. वाफ थंड होऊन थेंब थेंब धार पडते. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ या इंग्रज वनाधिकाऱ्याचे मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचे पुस्तक 1871 साली प्रसिद्ध झाले. नीट गाळलेल्या आणि मुरलेल्या मोहाच्या दारूची तुलना त्याने आयरिश व्हिस्कीशी केली आहे. म्हणजे साहेबाच्या जिभेलाही तिची प्रत कळत होती.

साहेबाच्या खजिन्याला मात्र तिच्यात महसूल दिसला. मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा आला. त्याहून बोलका आहे 1892 चा मोहाचा कायदा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच नियंत्रण आणणारा हा कायदा होता. उरणच्या भट्ट्यांमध्ये तयार होणाऱ्या, कर भरलेल्या दारूला घरगुती भट्टीची स्पर्धा नको होती. दुष्काळात आदिवासींच्या पोटाला आधार देणारे फूल त्यामुळे सरकारदरबारी संशयास्पद माल ठरले. दारूवर कर लावणे समजू शकते. इथे झाडाखाली पडलेले फूल घरात ठेवणे हाच प्रश्न झाला.

भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. तिथे भट्टीचा मक्ता लिलावाने देण्याची पद्धत होती: अमुक गावांसाठी अमुक ठेकेदार, आणि त्याच्याशिवाय कोणी गाळले तर गुन्हा. पुढे मोठ्या कारखान्यांतून पुरवठा करण्याची पद्धत आली आणि 1915 साली मध्य प्रांताचा अबकारी कायदा झाला. परंपरेने मद्य गाळणाऱ्या कलार समाजातले अनेक जण शेतीकडे आणि इतर व्यवसायांकडे वळले. जंगलातले कुटुंब मात्र दोन खात्यांच्या मध्ये सापडले. झाड वनखात्याचे, थेंब अबकारीचा. 1956 साली भंडारा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, पुढे महाराष्ट्रात. मुंबईचा 1949 चा दारूबंदी कायदा इकडेही लागू झाला, आणि त्यातही मोहफुलांसाठी वेगळ्या तरतुदी होत्या. कायद्याच्या भाषेत हे फूल शंभर वर्षांहून अधिक काळ फूल नव्हतेच.

आजही भंडाऱ्याच्या वर्तमानपत्रांत 'इतके किलो सडवा नष्ट' अशी बातमी वरचेवर असते. सोबतच्या छायाचित्रात फोडलेली मडकी, कलंडलेले पिंप आणि उभे असलेले कर्मचारी. कधीतरी एखाद्या कोपऱ्यात गावठी कुत्राही दिसतो. त्याच्या घरची माणसे तेवढ्यात रानात पसार झालेली असतात.

मळ्याचे भाग्य

याच्या उलट द्राक्षाची गोष्ट पाहा. महाराष्ट्र सरकारने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले. वाइनला करात सवलती मिळाल्या, नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाइन पार्क उभे राहिले. नारायणगावला त्याआधीच वाइनचा उद्योग सुरू झाला होता. नव्या धोरणानंतर नाशिकभोवती वायनऱ्यांची रांग लागली. चव घेण्याच्या खोल्या, मळ्यातले मुक्काम, संगीताचे उत्सव, आणि आता कुत्र्यांसाठी मोकळी हिरवळ. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा शेतकऱ्याचे उत्पन्न वाढेल हा त्याचा मुख्य आधार होता. विरोध झाला आणि तो मागे पडला. पण 'वाइन म्हणजे शेतमाल' हा युक्तिवाद सरकारी मुखातून ऐकू आला, हे महत्त्वाचे. मोहाला हा युक्तिवाद कधी मिळाला नाही. मोह वेचणारी बाई शेतकरी म्हणून नोंदलेली नाही.

शेजारी काय घडले? गोव्याच्या काजूफेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2016 साली तिला राज्याचे वारसा-पेय ठरवले गेले. मध्य प्रदेशात आदिवासींना घरच्या वापरापुरती मोहाची दारू गाळण्याची मुभा आहे. 2021 मध्ये तिथल्या सरकारने तिला 'हेरिटेज मद्य' म्हणून बाजारात आणण्याचे जाहीर केले, आणि अलीराजपूर व दिंडोरी जिल्ह्यांत आदिवासी बचतगटांच्या हाती उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी महाराष्ट्राने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि वाहून नेणे यांवरचे निर्बंध उठवले. फूल सुटले, थेंब अजून अडकलेला आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळता येत नाही. दारूने या भागातली घरे उद्ध्वस्त केली आहेत. गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या, विशेषतः बायकांच्या, रेट्यामुळे. चंद्रपुरात 2015 ते 2021 बंदी होती. ज्या बायका पहाटे मोह वेचतात, त्यांतल्याच कित्येक जणी संध्याकाळी नवऱ्याच्या दारूविरुद्ध उभ्या राहतात. म्हणून मोहाच्या भट्टीचे गोडवे गाणे हा माझा हेतू नाही. माझे म्हणणे एवढेच, की एकाच राज्यात एका फळाचे मद्य पर्यटन ठरते आणि एका फुलाचे मद्य गुन्हा, तेव्हा तो निवाडा आरोग्याचा नसतो. आरोग्याचा असता तर दोन्हींना एकच माप लागले असते.

कुत्र्याची हद्द

शेवटी पुन्हा कुत्र्याकडे वळले पाहिजे, कारण त्याच्याही वाट्याला हद्द आली आहे. नागझिरा 1970 साली अभयारण्य झाले. कोका अभयारण्य आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प 2013 मध्ये अस्तित्वात आले. तिथे पर्यटकाला पाळीव कुत्रा नेता येत नाही, आणि हा नियम योग्य आहे. या रानात रानकुत्र्यांचे कळप आहेत. किपलिंगने 1895 च्या 'द सेकंड जंगल बुक'मध्ये ज्या तांबड्या कुत्र्यांची झुंज वैनगंगेच्या पाण्यात रंगवली तेच हे. आपल्या कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग वन्यप्राण्यांना मारू शकतो. 2018 साली गीरच्या सिंहांवर ती वेळ आली होती. पण पर्यटकाचा कुत्रा फाटकावर थांबवणे सोपे आहे. जंगलाला लागून राहणाऱ्या कुटुंबाचा कुत्रा त्याचा पहारेकरी आहे, त्याला घरी ठेवा म्हणणे म्हणजे बाईला अस्वलासमोर एकटी पाठवणे. तिथे उपाय बंदीचा नाही, लसीचा आहे. वेचणीच्या हंगामाआधी माघ महिन्यात गावोगावी कुत्र्यांचे लसीकरण झाले तर बाई आणि रान दोघांचेही रक्षण होईल. हे काम पशुसंवर्धन आणि वन या दोन खात्यांनी मिळून करण्याजोगे आहे.

उद्या भंडाऱ्यात बचतगटांची, परवान्याची, स्वच्छ मोहाची भट्टी उभी राहिलीच, तर लोक ती पाहायला येतील, घरचा कुत्रा घेऊनही येतील. त्यात वावगे काही नाही. मात्र तिथे चव घेण्याच्या खोलीआधी मोहाचे झाड दाखवावे, आणि ते झाड कोणत्या घराचे, पहाटे कोण येते, तिच्या मागे कोण येतो, हेही सांगावे. गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांना आपल्या झाडांची नावे आणि त्या झाडांखाली राखण केलेल्या कुत्र्यांची नावे अजून पाठ आहेत. ती आत्ताच लिहून घ्यायला हवीत.