युजरनेम वैधता नियम

युजरनेम वैधता नियम : वेब-प्रणालीत खाते उघडताना निवडलेले युजरनेम स्वीकारायचे की नाकारायचे, हे ठरवणारे नियम. नावाची लांबी, चालणारी अक्षरे व चिन्हे, राखीव शब्द आणि आधीच्या नावांशी असलेले साम्य ते तपासतात. प्रत्येक नाव एकाच खात्याचे राहावे आणि खऱ्या माणसाला आपले नाव नाकारले जाऊ नये, ही त्यांची दोन उद्दिष्टे होत.

जँगोमधील रचना : पायथन भाषेतील जँगो फ्रेमवर्कमध्ये अक्षरे, अंक आणि @ . + - _ ही चिन्हे चालतात. २०१६ मधील १.१० आवृत्तीत कमाल लांबी ३० वरून १५० झाली आणि युनिकोड नावांना अधिकृत आधार मिळाला. वेगळे नियम हवे असल्यास प्रकल्पाच्या प्रारंभीच स्वतंत्र युजर मॉडेल करणे श्रेयस्कर. अक्षरांची ही तपासणी फॉर्म भरताना होते; प्रोग्रॅममधून थेट साठवलेली नोंद तिच्यातून सुटते. एकमेवतेची अट मात्र डेटाबेसच पाळतो.

देवनागरी नावे : पायथनची रेग्युलर एक्स्प्रेशनची प्रमाण सुविधा काना, वेलांटी, उकार, अनुस्वार व हलन्त यांना शब्दाक्षरे मानत नाही. त्यामुळे जँगोच्या मूळ नियमात ‘कमल’ आणि ‘शरद’ चालतात, तर ‘सुनीता’ आणि ‘अनंत’ नाकारली जातात. मराठी वापरकर्त्यांसाठी ही चिन्हे नियमात स्वतंत्रपणे घालणे आवश्यक ठरते. तरीही पेच उरतो. ‘कऱ्हाडे’ हे नाव ऱ वापरून लिहिता येते, तसेच र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरूनही. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. संगणकाला ती वेगळी असतात आणि युनिकोडच्या सामान्यीकरणानेही एक होत नाहीत. म्हणून यांपैकी एकच रूप प्रमाण मानून दुसरे त्यात बदलून घ्यावे.

सुरक्षितता : नावाचे प्रमाण रूप काढणारी प्रक्रिया दुसऱ्यांदा चालवली तरी उत्तर तेच यायला हवे. २०१३ मध्ये स्पॉटिफायमध्ये ही अट मोडली. विशेष युनिकोड अक्षरांत लिहिलेल्या नावाचे पहिल्या फेरीत एक आणि दुसऱ्या फेरीत दुसरेच रूप निघत असे. अशा नावाने खाते उघडून पासवर्ड बदलण्याची विनंती केली की दुसऱ्याच्या खात्याचा ताबा मिळे. आंतरराष्ट्रीय नावांच्या तयारीचे व तुलनेचे नियम आरएफसी ८२६५ (२०१७) या दस्तऐवजात आहेत.

अंमलबजावणी : नोंदणी, लॉगिन आणि पासवर्ड-बदल या तिन्ही ठिकाणी नावाचे प्रमाण रूप एकाच पद्धतीने काढावे. नियम कडक करण्यापूर्वी साठवलेली सर्व नावे तपासावीत. नवे निर्बंध नव्या नोंदणीला लावावेत. जुन्या वापरकर्त्याचा आपल्या नावाने प्रवेश करण्याचा मार्ग बंद होता कामा नये.