रूपांतरण उपचार

समलिंगी व्यक्तीचे आकर्षण भिन्नलिंगी व्हावे, किंवा पारलिंगी व्यक्तीने जन्मवेळी नोंदलेले लिंगच आपले मानावे, या हेतूने केल्या जाणाऱ्या मानसोपचारांना रूपांतरण उपचार म्हणतात. ते निष्फळ आणि अपायकारक ठरले आहेत. मात्र ते परिणामकारक असते, तरी त्यांच्यामागचा नैतिक पेच सुटला नसता. समाजाला खटकणारे वागणे आजार ठरवून दुरुस्त करण्याचे काम मानसोपचारतज्ज्ञाने अंगावर घ्यावे काय, हा तो पेच होय.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटन-अमेरिकेत असे उपचार रुग्णालयांतून उघडपणे होत. मनोविश्लेषक आकर्षणाचे मूळ बालपणात शोधत आणि त्यात वर्षे जात. वर्तनोपचारात अभिसंधानाचे तत्त्व वापरीत : पुरुषांची छायाचित्रे दाखवताना विजेचा झटका द्यायचा, किंवा अपोमॉर्फिन टोचून ओकाऱ्या काढवायच्या, म्हणजे ओढीची जागा किळस घेईल, अशी अपेक्षा असे. इंग्लंडमध्ये पुरुषांमधील समलिंगी संबंध गुन्हा असल्याने उपचार कोठे संपतो आणि शिक्षा कोठे सुरू होते, हे सांगणे अवघड होते. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्यापुढे १९५२ मध्ये तुरुंगवास किंवा स्त्री-संप्रेरकांचा उपचार असे दोनच पर्याय होते. त्यांनी उपचार पत्करला. कागदोपत्री ती संमतीच होती.

समलैंगिकता हा आजार आहे, या कल्पनेलाच पहिला मोठा धक्का मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांच्या १९५७ च्या अभ्यासाने दिला. ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांचे निकाल पाहून कोण समलिंगी आहे, हे अनुभवी तज्ज्ञांनाही ओळखता आले नाही. समलिंगी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यानंतर १९७३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. तरी एक फट राहिली. त्या यादीच्या १९८० च्या आवृत्तीत, स्वतःच्या समलैंगिकतेचा ज्याला त्रास होतो त्याच्यासाठी वेगळे निदान ठेवले गेले. ज्या समाजात अशा माणसाची नोकरी जाते, घर सुटते, तेथे त्रास होणारच. त्याचे खापर मात्र त्या माणसाच्या मनावर फुटत होते. हे निदान १९८७ मध्ये काढून टाकण्यात आले.

सुरुवातीला सांगितलेल्या नैतिक पेचाची सर्वांत नेमकी मांडणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेराल्ड डेव्हिसन यांनी केली. १९७४ मध्ये वर्तनोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी असे उपचार थांबवण्याचा आग्रह धरला. रुग्णाने स्वतः मागितले तरी ते देऊ नयेत, अशी त्यांची भूमिका होती. तंत्र चालते की नाही, यावर त्यांचा भर नव्हता. उपचार उपलब्ध असणे हाच समाजाला एक निरोप असतो, की येथे काहीतरी बिघडलेले आहे. त्या निरोपाने पूर्वग्रह बळावतो, पूर्वग्रहाने माणूस खचतो आणि खचलेला माणूस उपचार मागायला येतो. अशा मागणीला निव्वळ स्वेच्छा म्हणता येत नाही. शिवाय उपचाराचे उद्दिष्ट ठरवताना तज्ज्ञ तटस्थ राहूच शकत नाही. मूल्यांची निवड त्याने केलेलीच असते.

यावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप स्वायत्ततेचा आहे : सज्ञान माणसाची मागणी तज्ज्ञाने का नाकारावी? श्रद्धेपोटी बदल हवा असणाऱ्यांच्या बाबतीत हा आक्षेप हलका नाही. पण अशा माणसाला त्याच्या मनस्तापात मदत करणे आणि आकर्षण पुसण्याचे आश्वासन देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वैद्यकीय कर्तव्यात बसते, दुसरी बसत नाही. त्या आश्वासनाला भक्कम आधारही नाही. बदल शक्य असल्याचा दावा करणारा मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांचा २००३ चा अभ्यास २०० जणांच्या स्वतःच्या सांगण्यावरच आधारलेला होता. २०१२ मध्ये स्पिट्झर यांनी त्यातील उणीव मान्य करून समलिंगी समाजाची माफी मागितली.

भारतात बहुधा रुग्ण स्वतः येत नाही, त्याला आणले जाते. ‘लग्न लावून दिले की ताळ्यावर येईल’ असे म्हणणारे घर डॉक्टरकडेही तीच मागणी करते, आणि फी भरणाऱ्याचे ऐकायचे की समोर बसलेल्याचे, हे डॉक्टरला ठरवावे लागते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद व्यंकटेश यांनी, स्वतः मानसशास्त्रज्ञाकडून हा विषय समजून घेतल्यानंतर, अशा उपचारांना मनाई करणारे आदेश दिले. त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने रूपांतरण उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. मात्र आयोगाचा अधिकार डॉक्टरांपुरता आहे. बुवा-बाबा आणि नोंदणी नसलेले समुपदेशक त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम ३ या सर्वांपेक्षा व्यापक आहे. समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक वा राजकीय मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी एखाद्याचे जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक आजार असल्याचे ठरवता येणार नाही, असे ते सांगते.